कंट्रोलचं पाणी

मावशींच्या हाताखालून आजवर अकरा पीएचड्या बाहेर पडल्या होत्या आणि त्यांतली एकही त्यांची स्वतःची नव्हती. वनस्पती विभागाच्या मागच्या लांबट खोलीत त्या सव्वीस वर्षं तंत्रसहायक होत्या. बिया मोजायच्या, ब्लीचच्या पाण्यातून काढायच्या, काचेच्या बशीत ओल्या कागदावर मांडायच्या, अंकुर फुटले की वाळूच्या ट्रेमध्ये लावायच्या, रोज पाणी द्यायचं आणि दहाव्या दिवशी रोपं अलगद उपटून, मुळं धुऊन, पट्टी लावून मोजायची. संशोधन करणारी मुलं येत, चार वर्षं राहत, डोक्यावरचे केस पातळ करून घेत आणि डॉक्टर होऊन निघून जात. जाताना प्रबंधाच्या पहिल्या पानावर मावशींचे आभार मानत. एकाने तर आभारात त्यांचं आडनावच चुकवलं होतं. मावशींनी ते पान दोनदा वाचलं, मिटलं आणि बशा धुवायला घेतल्या.

विषय सगळ्यांचा थोड्याफार फरकाने एकच. समुद्र हळूहळू आत सरकत होता, किनाऱ्यालगतच्या जमिनी खारावत होत्या, आणि अशा जमिनीत मक्याचं रोप मान का टाकतं, याचा सरांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला होता. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम दोन पेनं आणि त्यांतलं एक न चालणारं. नवीन विद्यार्थी आला की ते त्याला खिडकीशी उभं करून समजावत. "मूळ जमिनीतून नायट्रेट उचलतं. पानात एक एन्झाइम बसलेलं असतं, ते त्या नायट्रेटवर पहिला हात फिरवतं. मग त्याचा अमोनिया, अमोनियाची अमिनो आम्लं, त्यांची प्रथिनं. हे सुरळीत चाललं तर पान हिरवं. मीठ आलं की मुळाच्या दारात क्लोराइडची रेटारेटी सुरू होते आणि नायट्रेट बिचारं बाहेर ताटकळत राहतं. म्हणजे अवतीभवती नत्र आहे आणि रोप मात्र उपाशी." मावशींना हे भाषण तोंडपाठ होतं. सर मध्ये श्वास कुठे घेतील, तेही.

बारावी मुलगी तीन वर्षांपूर्वी आली. सर तिला पहिल्या दिवसापासून डॉक्टरीणबाई म्हणू लागले आणि मग सगळ्यांचीच ती डॉक्टरीण झाली. पदवी अजून लांब होती, पण हाक आधीच लागली. मुलगी कामाला चोख होती. रोपांची कोवळी पानं कापताना तिची जीभ दातांत यायची आणि कात्री मात्र जराही हलायची नाही. मावशींना ती आवडायची, कारण ती वापरलेली पिपेट स्वतः धुऊन ठेवायची. सव्वीस वर्षांत असं करणारी ती दुसरी.

तिच्या वाट्याला मक्याचे चार वाण आले होते. सात, अकरा, चौदा आणि एकोणीस. रोपं वाढवायचं कपाट लहान, त्यामुळे एका वेळी एकच वाण लावता यायचा, आणि प्रत्येकाच्या तीन तीन पेरण्या. काही ट्रेंना तीन वेगवेगळ्या ताकदीचं मिठाचं पाणी द्यायचं, पन्नास, शंभर आणि दीडशे, आणि काहींना मीठ नसलेलं. त्या बिनमिठाच्या ट्रेंना कंट्रोल म्हणत. खाऱ्या पाण्यातलं रोप किती खुरटलं, हे कंट्रोलशी ताडून बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. मिठाचं पाणी डॉक्टरीण सुरुवातीलाच कॅन भरून करून ठेवायची. कंट्रोलचं पाणी मात्र रोज ताजं लागायचं, त्यात खताची औषधं मोजून मिसळायची, आणि ते काम मावशींचं.

हे सगळं पाणी डिस्टिल्ड असायला हवं. इमारतीला पाणी बोअरचं होतं आणि उन्हाच्या दिवसांत ते इतकं मचूळ व्हायचं की हाताला साबण लावला तरी फेस येत नसे. म्हणून कोपऱ्यात पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करणारं काचेचं यंत्र होतं. ते यंत्र मावशींपेक्षा थोडंच लहान होतं आणि स्वभावाने तसंच, काम करणार पण समोर बसलात तर. नळाची धार मध्येच बारीक झाली तर आतली कॉइल कोरडी पडून जळायची. त्यामुळे दुपारी दोन ते साडेपाच मावशी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायच्या. सव्वीस वर्षांत कॉइल फक्त दोनदा जळली होती, आणि दोन्ही वेळा मावशी रजेवर होत्या.

सात, अकरा आणि चौदा नंबरचे वाण होऊन गेले. तिन्हींनी खाऱ्या पाण्यात मान टाकली. एकोणीसची पाळी आली त्याच आठवड्यात ताई न्हाणीघरात पडली.

ताई म्हणजे मावशींची थोरली बहीण, तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच धाकटीला वाढवलं, आणि त्या भरात दोघींचीही लग्नं राहून गेली. ताई शाळेत गणित शिकवायची. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी तिच्या आवाजातला खडू गेला नव्हता. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, स्क्रू बसले, आणि घरी आणल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिने एकटं ठेवायचं नाही. सांभाळायला एक बाई मिळाल्या. त्या सकाळी आठला यायच्या आणि साडेतीनला निघायच्या, कारण चारला त्यांचा दुसरा रुग्ण असायचा. मावशींनी रजेचा अर्ज दिला. कार्यालयाने सांगितलं, अर्ज पुढे पाठवला आहे. कुठे पुढे, ते कार्यालयालाही माहीत नव्हतं.

सर म्हणाले, "तुम्ही पावणेतीनला निघत जा, मी बघतो." सर काय बघणार होते, हे दोघांनीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मावशींनी यंत्र सकाळी लावलं. पण सकाळी नवे अंकुर वाळूत लावायचे होते, आणि तासाभरातच नळाची धार गेली. यंत्र बंद करावं लागलं. दुपारी अडीच वाजता कंट्रोलचं भांडं रिकामं होतं, ट्रेमधली वाळू कोरडी पडत होती, आणि घरी ताईला आधाराशिवाय उठायची खोड होती. मावशींनी भांडं नळाखाली धरलं. दोनच दिवस, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खताची औषधं मोजून घातली, ढवळलं, ट्रेंना दिलं. वहीत नेहमीच्या रकान्यात नेहमीसारखं 'डि. पा.' लिहिलं आणि पिशवी खांद्याला लावून निघाल्या.

ते दोन दिवस पाच आठवडे चालले.

त्या पाच आठवड्यांत मावशी थकल्या होत्या असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. पहाटे पाचला उठून ताईचं अंग पुसायचं, अंथरूण बदलायचं, स्वयंपाक करून ठेवायचा, दोन बसा बदलून विभागात जायचं, आणि दुपारी तसंच उलट. बसमध्ये त्या उभ्याउभ्या झोपायच्या. एकदा रोपांच्या उंचीच्या रकान्यात त्यांनी ताईचा रक्तदाब लिहिला होता. डॉक्टरणीने तो खोडला आणि म्हणाली, "मावशी, एकशे चाळीस सेंटिमीटर रोप दहा दिवसांत आलं तर मला पदवी नाही, थेट बक्षीसच मिळेल." मावशीही हसल्या. नळाचं पाणी त्यांच्या मनात नव्हतं असं नाही. ते कुठेतरी मागे, बंद करायचा राहिलेल्या दिव्यासारखं होतं.

एकोणीसची तिसरी पेरणी संपली आणि पानांची परीक्षा झाली. ही परीक्षा दिसायला सुंदर असते. पानांचे तुकडे नायट्रेटच्या द्रावणात अंधारात ठेवायचे, मग त्यातून थोडं पाणी घेऊन दोन रसायनं घालायची. एन्झाइमने जितकं काम केलं असेल तितका गुलाबी रंग चढतो. ठणठणीत रोपाची नळी गडद गुलाबी, खाऱ्या पाण्यात पिचलेल्या रोपाची जेमतेम लाजल्यासारखी. आधीच्या तिन्ही वाणांत कंट्रोल आणि शंभर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. एकोणीसच्या नळ्या डॉक्टरणीने उजेडात धरल्या तेव्हा त्या एका ओळीत जवळजवळ एकाच रंगाच्या होत्या.

"मावशी, बघा ना. फरकच पडत नाहीये. रोपांची उंचीही तशीच, जेमतेम उतरलीय."

मावशींनी बघितलं. सव्वीस वर्षं हा गुलाबी बघितलेल्या डोळ्यांना एक गोष्ट लगेच दिसली. खाऱ्या नळ्या गडद झाल्या नव्हत्या. कंट्रोलच्या नळ्या फिक्या होत्या.

डॉक्टरणीलाही ते खटकलं असावं. ती जरा वेळाने म्हणाली, "कंट्रोल जरा मंदच वाटतंय. मावशी, पाणी नेहमीचंच होतं ना?"

"हो," मावशी म्हणाल्या.

तो एक शब्द त्यांच्या तोंडून इतका सहज गेला की त्यांनाच तो मागून ऐकू आला. तेवढ्यात सर आत आले, नळ्यांच्या रांगेसमोर उभे राहिले आणि एकेक नळी उचलून बघू लागले. मग म्हणाले, "हा वाण जात्याच सावकाश दिसतो. आपल्या चालीने चालणारा. मिठाने त्याला धक्का बसत नाही." निवृत्तीला तीन महिने राहिले होते, आणि वीस वर्षांत मिठाला न बधणारा एकही वाण त्यांच्या हाती लागला नव्हता.

त्यानंतर गोष्टी भराभर पुढे गेल्या. सरांनी बियाणे कार्यालयाला पत्र लिहिलं. तिथून उत्तर आलं की पुढच्या हंगामात किनाऱ्यालगतच्या चाळीस शेतांवर एकोणीसचं बियाणं लावून बघू. दरवाज्यावर एक बाई येऊन उभी राहिली, किनाऱ्याकडची, स्वतःचं शेत कसणारी. तिच्या दोन पट्ट्यांत तीन वर्षं काही उगवलं नव्हतं. यादीत नाव घालायला ती आली होती. सर सापडले नाहीत म्हणून तिने मावशींनाच विचारलं, "हे खरंच येतं का खाऱ्यात? नाहीतर मी त्या पट्ट्या सोडून देणार होते. नुसतं गवत तरी वाढेल, गुरं चरतील."

"सरांना विचारा," मावशी म्हणाल्या आणि बशा धुवायला वळल्या.

त्या रविवारी सकाळी विभागात कुणी नव्हतं. मावशी किल्ली घेऊन आल्या. मिठाची ताकद मोजायचं ईसी मीटर त्यांनी काढलं, आधी डिस्टिल्ड पाण्यात बुडवलं. शून्याच्या आसपास. मग पन्नासच्या मिठाच्या पाण्यात. सव्वापाच. मग नळाखाली ग्लास भरला. चार पूर्णांक दोन. त्यांनी मीटरची काडी पुसून पुन्हा बुडवली. चार पूर्णांक दोन. म्हणजे कंट्रोल हे कंट्रोल नव्हतंच. पाच आठवडे मावशी त्या बिनमिठाच्या रोपांना मीठच पाजत होत्या, आणि दोन्हीकडची रोपं सारखीच उपाशी राहिली म्हणून एकोणीस नंबर मजबूत ठरला होता.

घरी गेल्या तेव्हा ताई वॉकर धरून खिडकीपर्यंत चालून दाखवायच्या बेतात होती.

"धाकटे, तुझं तोंड का उतरलंय?"

"दमले."

"दमणं मला कळतं. हे दमणं नाही. खुर्ची ओढ आणि बोल."

मावशींनी सांगितलं. सगळं, क्रमाने, वहीतल्या 'डि. पा.'सकट आणि त्या 'हो'सकट. ताई मध्ये बोलली नाही. गणित चुकलेल्या मुलीला शेवटपर्यंत सोडवू द्यायची तिची जुनी सवय होती.

"मग आता सांगणार आहेस का?" तिने विचारलं.

"सांगायला तर हवं. पण सरांचे तीन महिने राहिलेत. आणि त्या मुलीचं सगळं लिहून होत आलंय. आणि मी तरी काय करणार होते, तुला एकटं टाकून..."

"हे बघ," ताई म्हणाली. "माझ्या खुब्याला यात ओढू नकोस. मी पडले, ते माझं. नळाखाली भांडं तू धरलंस. तिथे जाऊन 'बहीण आजारी होती म्हणून' असं म्हणालीस तर मी दोन महिने जे लाजिरवाणं जगले, ते आणखी चार लोकांना कळेल, एवढंच होईल."

"असं कुठे म्हणाले मी?"

"म्हणणार होतीस. तोंडावर आलं होतं." मग ती वॉकर सोडून पलंगावर बसली आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "तू झोपली नाहीस, हे मी बघत होते. मला म्हणायला हवं होतं, दुसरी बाई बघ, संध्याकाळपर्यंतची. मी म्हटलं नाही. मला परक्या हाताने पुसून घ्यायची लाज वाटते. तेवढं माझ्या खात्यावर धर."

सोमवारी मावशींनी आधी डॉक्टरणीला गाठलं. ती संगणकापुढे होती, एकोणीसचे आलेख रंगवत. मावशींनी स्टूल ओढलं आणि उभ्याउभ्या सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत बसून सांगितलं. मुलीने मान वर केली नाही. तिचा हात माउसवर तसाच राहिला.

"किती दिवस?"

"तिन्ही पेरण्या. पाच आठवडे."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"मी विचारलं होतं, आणि तुम्ही हो म्हणालात." ती रडली नाही, ओरडली नाही. मावशींना वाटलं, तिने ओरडावं. तिने फाइल सेव्ह केली, बंद केली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. कंट्रोल बघून. मग मीच स्वतःला समजावलं की सर म्हणतायत ना, सावकाश वाण आहे. मलाही ते हवंच होतं." मग बाटली घेऊन ती पाणी प्यायला बाहेर गेली आणि अर्धा तास आली नाही.

सरांच्या खोलीत दोघी बरोबर गेल्या. सर ऐकत असताना पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. ऐकून झाल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे तुम्ही मला तीन महिन्यांनी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"शंभरच्या पाण्यात रोपं जगली, हे तर खरं ना? मेली नाहीत."

"जगली तर चौदाचीही होती, सर," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "पण कंट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाढली. एकोणीसची किती वाढायला हवी होती, तेच आपल्याला माहीत नाही."

"मला शिकवू नका," सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. ते एकदम म्हातारे दिसले. "तुम्ही जा दोघी. मला विचार करू द्या."

तो पूर्ण दिवस त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. मावशींनी तीनदा बोळातून चक्कर मारली. त्यांना खरं म्हणजे भीती वाटत होती ती सर रागावतील याची नव्हे. सर काहीच करणार नाहीत, पत्र तसंच राहील, बियाणं पिशव्यांत भरून जाईल आणि ती किनाऱ्याकडची बाई आपल्या दोन पट्ट्या पुन्हा नांगरेल, याची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले ते थेट कार्यालयात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फोन केला. "एकोणीसचं थांबवा. माझ्या प्रयोगात चूक झाली आहे. हो, माझ्याच. प्रयोग माझ्या देखरेखीखाली होता ना, मग कोणाची म्हणणार?"

फोन ठेवून ते मावशींकडे वळले. "लेखी खुलासा तुम्हाला द्यावा लागेल. त्यातून मी वाचवू शकत नाही."

"वाचवू नका," मावशी म्हणाल्या.

खुलासा त्यांनी दिला. त्यात ताईचं नाव नव्हतं. 'नळाचं पाणी वापरलं, नोंद चुकीची केली, विचारल्यावर खोटं सांगितलं' अशा तीन ओळी. कार्यालयातला कारकून वाचून म्हणाला, "अहो, काहीतरी कारण लिहा, रकाना रिकामा ठेवता येत नाही." मावशींनी लिहिलं, 'निष्काळजीपणा'. त्यांची वरिष्ठ तंत्रसहायकाची जागा, जी दोन वर्षं येणार येणार म्हणत होती, ती यायची थांबली. त्यांना फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटायलाही अंगात काहीतरी उरावं लागतं.

एकोणीस पुन्हा पेरायचा ठरला. तिन्ही पेरण्या, पहिल्यापासून. पण यंत्रासमोर बसायचा प्रश्न तसाच होता. संध्याकाळपर्यंतची बाई अजून मिळाली नव्हती, मावशींना पावणेतीनला निघणं भाग होतं, आणि डॉक्टरणीचे दुपारी पदवीच्या मुलांचे वर्ग असत. त्या दुपारी मावशी पिशवी उचलत असताना सर हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले आणि यंत्रासमोरच्या स्टुलावर बसले.

"धार बारीक झाली की काय करायचं असतं?"

"आधी बटण बंद, मग नळ. उलट नाही."

"आधी बटण, मग नळ." त्यांनी ते उत्तरपत्रिकेच्या मागे लिहून घेतलं.

मग रोज दुपारी विभागप्रमुख थेंब मोजत बसू लागले. लोक येऊन बघून जायचे. तिसऱ्या आठवड्यात उन्हाने आणि उत्तरपत्रिकांनी त्यांचा डोळा लागला आणि कॉइल जळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन नवी आणली आणि मावशींपुढे ठेवून म्हणाले, "मलाही खुलासा द्यावा लागेल का?" मावशी कॉइल बसवायला लागल्या. सर शेजारी उभे राहून स्क्रू हातात देत राहिले.

डॉक्टरीण या काळात कामापुरतं बोलायची. पूर्वी ती डबा उघडला की झाकणात काहीतरी काढून मावशींपुढे सरकवायची, ते बंद झालं. कंट्रोलचं पाणी मावशींनी केलं की ती काही न बोलता मीटर घेऊन यायची, काडी बुडवायची, आकडा बघायची आणि जायची. रोज. मावशी तोपर्यंत भांडं धरून उभ्या राहायच्या. एकदा त्यांनीच मीटर आधी काढून, पुसून ठेवलं. डॉक्टरणीने तेही तसंच उचललं. हा त्या मुलीचा हक्क होता आणि मावशींनी तो मान्य केला होता, पण म्हणून तो रोज सोसायला सोपा जात होता असं नाही.

तिसऱ्या पेरणीची पानं कापली त्या दिवशी तिघंही खोलीत होते. नळ्यांमध्ये रसायनं पडली, दहा मिनिटं गेली आणि रंग चढला. कंट्रोलच्या नळ्या गडद, जास्वंदीसारख्या. पन्नासच्या निम्म्या. शंभरच्या जेमतेम तिसरा हिस्सा. दीडशेच्या त्याहून किंचित फिक्या. मुळांत अमोनिया तुंबलेला, पानांची टोकं करपलेली. एकोणीस नंबर अगदी साधा वाण होता. चौदापेक्षा तसूभर बरा, सातइतकाच वाईट.

डॉक्टरणीने आकडे वाचले, सरांनी ऐकले. "ठीक आहे," ते म्हणाले. मग त्यांनी एक गडद नळी उजेडात धरली. "कंट्रोल सुंदर आलंय," ते म्हणाले. "सावकाश वगैरे काही नाही हा. चांगला धावणारा वाण आहे, नुसतं गोडं पाणी मिळालं तर." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक सुचवलं, की त्या मचूळ पाण्याच्या पाच आठवड्यांचाही एक लहान भाग प्रबंधात घालता येईल, फुकट जाऊ नये. डॉक्टरणीने मान हलवली. "नको, सर. मला ते पाच आठवडे पुन्हा बघायचे नाहीत."

मग ट्रे धुवायचे होते. चोवीस ट्रे, ओली वाळू, मुळांचे तुकडे. सरांनी बाह्या वर केल्या. निरोपसमारंभाला नऊ दिवस राहिले होते आणि ते मोरीपाशी वाकून वाळू चाळत होते. डॉक्टरीण पाण्याखाली ट्रे धरत होती, मावशी ब्रश मारत होत्या. एकदा सर म्हणाले की त्या किनाऱ्याकडच्या बाईला त्यांनी पत्राने कळवलंय, आणि तिचं उत्तर आलंय. तिने पट्ट्या गवताला सोडल्या. गवत बरं आलंय म्हणते. "कुठलं गवत ते विचारायला हवं," ते पुटपुटले आणि ओल्या हाताने खिशातलं पेन चाचपू लागले.

अडीचला डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, तुम्ही निघा. राहिलेले मी करते."

त्या निघाल्या. बसमध्ये बसायला जागा मिळाली. घरी बाई जायच्या तयारीत होत्या आणि ताई वॉकरशिवाय, भिंतीला हात लावत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"साधा निघाला. अगदी साधा."

"आणि ती मुलगी?"

"तिला आणखी सहा-आठ महिने लागतील. करेल ती." मावशींनी पिशवी ठेवली. "सरांनी ट्रे धुतले आज."

"नीट धुतले का?"

"नाही. कोपऱ्यांत वाळू राहिली होती."

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग भिंत सोडून दोन पावलं स्वतःची स्वतः टाकली, पलंगावरची आपली उशी उचलून दुसऱ्या टोकाला टाकली आणि म्हणाली, "आडवी हो जरा. मी खुर्चीत बसते. तीन तास मला काही लागणार नाही."

"तुला लागलं तर?"

"तर हाक मारीन. आवाज अजून शाबूत आहे माझा."

मावशी आडव्या झाल्या. पाय धुवायचे राहिले होते, नखांत वाळू होती. उठून धुवावेत असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात असतानाच त्यांना झोप लागली.